दुकाने बंद, मैदाने बंद, संसर्गाचे काय?

२०२५ च्या मे-जूनमध्ये मुंबई-ठाण्यात करोनाचे रुग्ण पुन्हा थोडेफार वाढले आणि त्यांच्यामागोमाग पाच वर्षांपूर्वीचा वादही जसाच्या तसा परतला. एक बाजू सांगते की २०२० आणि २०२१ मध्ये दुकाने, हॉटेले, नाट्यगृहे, व्यायामशाळा आणि बागा बंद ठेवल्या म्हणून महाराष्ट्र निभावला, नाहीतर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. दुसरी बाजू सांगते की साथ आपल्या गतीने आली आणि आपल्या गतीने ओसरली, मधल्या मध्ये छोटा व्यापारी आणि रोजंदारीवरचा माणूस तेवढा देशोधडीला लागला. दोन्ही बाजूंचा आवेश समजण्यासारखा आहे, पण युक्तिवाद कच्चा आहे, कारण सगळी बंदी म्हणजे एकच उपाय असे दोघांनीही गृहीत धरलेले असते. वातानुकूलित बार आणि दादरची चौपाटी, तळघरातली व्यायामशाळा आणि गडाची चढण, एका वेळी दोन गिऱ्हाइके येणारे भांड्यांचे दुकान आणि सातशे माणसांचे मंगल कार्यालय यांना एकाच आदेशाने कुलूप लागले, म्हणून त्या कुलपांचा परिणामही एकच असला पाहिजे, हे कुठले तर्कशास्त्र? माझे म्हणणे असे की बंदिस्त जागेत, बराच वेळ, मुखपट्टीशिवाय एकत्र बसण्याची ठिकाणे बंद केल्याने संसर्ग कमी होतो, याला पुरेसा आधार आहे; मोकळ्या जागा बंद केल्याने तो कमी होतो याला जवळपास काहीच आधार नाही; आणि दुकानांच्या वेळा आखडण्यासारख्या निर्बंधांनी तो वाढण्याचाच संभव अधिक होता. या तिन्ही प्रकारांना सरकारने एकाच माळेत ओवले आणि टीकाकारांनीही ती माळ तशीच उचलून फेकून दिली.

हा विषाणू पसरतो कसा, यापासून सुरुवात केली तर बराचसा गुंता सुटतो. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात, खिडक्या नसलेल्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवायला बसली होती. वातानुकूलन यंत्राचा झोत त्याच तीन टेबलांवरून फिरत राहिला. तिन्ही कुटुंबांतले मिळून दहाजण बाधित झाले. त्याच मजल्यावर जेवणारे सत्तरहून अधिक इतर ग्राहक आणि वाढपी मात्र सुटले. त्याच वर्षी १० मार्चला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, एका गायनवृंदाच्या अडीच तासांच्या सरावाला ६१ माणसे जमली होती. त्यांतली ५३ आजारी पडली आणि दोघे दगावले. दक्षिण कोरियातल्या चॉनान शहरात १२ व्यायामकेंद्रांमधल्या नृत्य-व्यायामाच्या वर्गांतून संसर्ग ११२ जणांपर्यंत पोचला, पण बाधित प्रशिक्षकांपैकी एका व्यक्तीने त्याच सुमारास सात-आठ जणांचे योगाचे आणि पिलाटिसचे वर्गही घेतले होते आणि त्यांतल्या एकालाही लागण झाली नाही. शिकवणारी व्यक्ती एकच होती. खोलीत किती माणसे होती आणि ती किती जोराने श्वास घेत होती, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतल्या संपर्कशोधाच्या नोंदींचा जो मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ७० टक्के बाधितांनी त्यांच्या तपासलेल्या संपर्कांपैकी कोणालाच संसर्ग दिला नव्हता, तर जेमतेम ८ टक्के बाधितांपासून ६० टक्के नवे संसर्ग झाल्याचे आढळले. साथ गावभर सारख्या थराने पसरत नाही, ती काही थोड्या ठिकाणी आणि थोड्या प्रसंगी उसळते. म्हणजे ती ठिकाणे आणि ते प्रसंग हेरून बंद केले तर पुष्कळ साधते, आणि बाकीचे सगळे बंद करूनही ते उघडे राहिले तर फारसे काही साधत नाही.

सुट्या प्रसंगांवरून धोरण ठरवू नये, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून व्यापक अभ्यासांकडे वळू. २०२० च्या पहिल्या पाच महिन्यांत ४१ देशांनी योजलेल्या उपायांची तुलना करणारा एक निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात आला. शाळा-महाविद्यालये बंद ठेवणे, जमाव दहा माणसांपुरता मर्यादित करणे आणि ग्राहकाशी समोरासमोर संबंध येणारे व्यवसाय बंद करणे या तिन्हींचा परिणाम त्यात मोठा दिसला. हे सगळे केल्यावर वर ‘घराबाहेर पडू नका’ असा हुकूम काढल्याने पडलेली भर तुलनेने लहान होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की उपाहारगृहे, बार, व्यायामशाळा अशा निवडक व्यवसायांची बंदी आणि बहुतेक सर्वच बिगर-अत्यावश्यक व्यवसायांची बंदी यांच्या परिणामांत फार अंतर नव्हते. अमेरिकेतल्या दहा महानगरांतल्या मोबाइलच्या हालचालींवरून बांधलेल्या एका गणिती प्रारूपात शिकागोमध्ये, दुकाने-उपाहारगृहांसारख्या ठिकाणी होणाऱ्या संसर्गापैकी ८५ टक्के संसर्ग अवघ्या १० टक्के ठिकाणी घडत असल्याचे दिसले. प्रत्येक जागेची क्षमता २० टक्क्यांवर आणली तर नवे संसर्ग ८० टक्क्यांहून अधिक घटतील आणि लोकांच्या भेटी मात्र ४२ टक्केच कमी होतील, असा त्याचा हिशेब होता. प्रारूपे म्हणजे वास्तव नव्हे, हे खरेच. पण ब्रिटनने तर उलटा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवला. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या सरकारने सोमवार ते बुधवार उपाहारगृहात बसून जेवणाऱ्यांच्या बिलात निम्मी सवलत दिली, आणि त्या काळात नव्याने आढळलेल्या संसर्गपुंजांपैकी (एकाच ठिकाणच्या रुग्णगटांपैकी) ८ ते १७ टक्के या योजनेमुळे असावेत, असा निष्कर्ष नंतरच्या अभ्यासाने काढला.

टाळेबंदीविरोधकांचा सर्वांत लाडका दाखला म्हणजे हर्बी, योनुंग आणि हँके या अर्थशास्त्रज्ञांनी जानेवारी २०२२ मध्ये मांडलेले अनेक अभ्यासांचे संकलन. टाळेबंदीमुळे मृत्यू सरासरी ०.२ टक्क्यांनीच घटले, हा त्यातला आकडा जगभर फिरला. त्याच कागदावर पुढे काय लिहिले आहे? बिगर-अत्यावश्यक व्यवसाय बंद केल्याने मृत्यू सुमारे १०.६ टक्क्यांनी घटल्याचे दिसते आणि त्याचे कारण बहुधा बार बंद होणे हे असावे. आकडे उचलणाऱ्यांनी पहिला आकडा उचलला, दुसरा तिथेच ठेवला. टाळेबंदीच्या समर्थकांचे लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या अभ्यासाशी नेमके हेच चालले होते: अकरा युरोपीय देशांत मिळून तीसेक लाख मृत्यू टळले, हा निष्कर्ष त्यांनी डोक्यावर घेतला, पण टाळेबंदी न करणाऱ्या स्वीडनमधली संसर्गाची घट त्याच प्रारूपाने तिथल्या जमावबंदीच्या नावावर मांडली होती, या टीकेकडे कोणी वळून पाहिले नाही.

आता विरोधकांचा खरोखर बळकट मुद्दा. लोक हुकुमाने घरी बसत नाहीत, भीतीने बसतात. गूल्सबी आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या साडेबावीस लाख व्यवसायस्थळांच्या ग्राहकसंख्येचा अभ्यास केला, तेव्हा ग्राहकांची ये-जा ६० टक्क्यांनी घसरली होती आणि त्या ६० पैकी केवळ ७ सरकारी निर्बंधांच्या खात्यावर पडत होते. मुंबईचा आलेख हेच वेगळ्या तऱ्हेने सांगतो. दुसऱ्या लाटेत शहरातला एका दिवसातला सर्वाधिक आकडा, ११,१६३ रुग्ण, ४ एप्रिल २०२१ रोजी नोंदला गेला. त्याच दिवशी राज्य सरकारचे ‘ब्रेक द चेन’ नावाचे निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून ते लागू झाले. आज नोंदला जाणारा रुग्ण काही दिवसांपूर्वी बाधित झालेला असतो. म्हणजे मुंबईतला संसर्ग दुकानांची शटर पडण्याच्या आधीच वळणावर आलेला असणार. ओमायक्रॉनच्या वेळी हा क्रम आणखी ठळक होता. मुंबईतला उच्चांक, २०,९७१, हा ७ जानेवारी २०२२ चा. नवे निर्बंध लागू झाले १० जानेवारीपासून. संपूर्ण राज्याचा दुसऱ्या लाटेतला ६८,६३१ हा आकडा १८ एप्रिलचा आहे, तेव्हा राज्यापुरते निर्बंध उतरणीच्या आधी आले असे म्हणता येते. पण मुंबईच्या आलेखावर बोट ठेवून ‘बघा, बंद केले आणि उतरले’ असे सांगणारा माणूस कारणाच्या आधी परिणाम दाखवत असतो. २८ मार्चपासून रात्रीची जमावबंदी होती हे जरी जमेस धरले, तरी एवढी उतरण तिच्या पदरात टाकणे धाडसाचे ठरेल.

हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, पण त्यातून विरोधक काढतात तो निष्कर्ष निघत नाही. लोक भीतीने गर्दीच्या बंद जागा टाळू लागले आणि संसर्ग उतरला, याचा अर्थ त्या जागा टाळल्याने संसर्ग उतरतो, एवढाच होतो. तंटा उरतो तो टाळायचे कोणी ठरवावे याचा. ग्राहकाला घरी बसण्याची मोकळीक असते, वाढप्याला नसते. मालकाने उपाहारगृह उघडले की धुराड्याखाली राबणारा आचारी, ताटे उचलणारा पोऱ्या आणि गल्ल्यावरचा कारकून यांना यावेच लागते, मग समोर दहा टेबले भरलेली असोत की दोन. म्हणून बंदीचा हुकूम हा ग्राहकासाठी कदाचित अनावश्यक, पण कामगारासाठी एकमेव ढाल असू शकतो. अट एवढीच की त्या दिवसांचा पगार कोणीतरी दिला पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलेल्या ५,४७६ कोटींच्या मदतीत नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार यांना प्रत्येकी दीड हजार रुपये होते. हॉटेलातल्या वाढप्यासाठी त्या यादीत वेगळी ओळ नव्हती. ज्याच्या रक्षणासाठी बंदी सर्वाधिक समर्थनीय होती, त्यालाच तिची सगळी किंमत मोजावी लागली. तो गावी गेला, किंवा दहा बाय दहाच्या खोलीत सात जणांत बसून राहिला.

ती खोली या वादात फार क्वचित येते. बंद केलेल्या ठिकाणची माणसे हवेत विरघळत नाहीत. ती दुसरीकडे कुठेतरी असतात. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी शहरातल्या तीन विभागांत रक्ताची तपासणी केली, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण १६ टक्के होते. पुण्यात २० जुलै ते ५ ऑगस्टदरम्यान पाच प्रभागांत झालेल्या पाहणीत सरासरी ५१.५ टक्के आणि लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. सामाईक शौचालय वापरणाऱ्यांत हे प्रमाण स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. तारखा नीट पाहाव्यात. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी होती, टप्प्याटप्प्याने मोकळीक देणारे ‘मिशन बिगिन अगेन’ जूनमध्ये सुरू झाले, आणि जुलैमध्येही उपाहारगृहे, व्यायामशाळा, चित्रपटगृहे, मंदिरे बंदच होती. मनोरंजनाचे एकही दार उघडे नसताना निम्म्याहून अधिक वस्ती बाधित झाली होती. बंदी नसती तर हे प्रमाण आणखी लवकर चढले असते, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य असू शकते. पण इमारतीत राहणाऱ्याचा धोका बंदीने जितका कमी केला तितका चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याचा केला नाही, एवढे या आकड्यांवरून नक्की म्हणता येते. यात नवे काही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबईत युरोपीयांचा मृत्युदर हजारी ८.३ होता आणि ज्यांना तत्कालीन नोंदींनी खालच्या जातींचे हिंदू म्हटले त्यांचा ६१.६. तेव्हा कोणी व्यायामशाळा बंद केल्या नव्हत्या. फरक घरांचा, कामाचा आणि अन्नाचा होता.

बंदीची यादी ज्या तत्त्वावर बनली ते तत्त्वच मुळात धोक्याशी जोडलेले नव्हते. ‘अत्यावश्यक’ आणि ‘बिगर-अत्यावश्यक’ ही विभागणी गरजेची आहे. संसर्गाच्या जोखमीची ती कधीच नव्हती. मे २०२० मध्ये चेन्नईच्या कोयंबेडू बाजारातून हजारोंना लागण झाली आणि त्याच महिन्यात वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती आठवडाभर बंद ठेवावी लागली. दोन्ही बाजार अत्यावश्यक म्हणून उघडे होते आणि दोन्हीकडे खांद्याला खांदा लागत होता. त्याच वेळी लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात एकही गिऱ्हाईक शिरू शकत नव्हते. अन्नधान्याचा बाजार बंद ठेवावा असे मी म्हणत नाही, ठेवताच येत नाही. पण मग सगळी बुद्धी आणि सगळे पोलीस बाजारातली गर्दी पांगवण्यावर खर्च करायला हवे होते, फॅन्सी स्टोअरच्या कुलपावर नव्हे. प्रत्यक्षात झाले उलटे. २० एप्रिल २०२१ च्या आदेशाने किराणा आणि भाजीची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी ठेवली. दिवसभरात विखुरलेली गिऱ्हाइके चार तासांत कोंबली, तर प्रत्येक क्षणी दुकानात असणाऱ्या माणसांची संख्या वाढणार की घटणार? हे कोणत्याही वाण्याला विचारले असते तरी कळले असते. ४ मे २०२० रोजी दारूची दुकाने उघडताच लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या, आणि त्या रांगांवरून मद्यपींच्या चारित्र्यावर बरेच लिहिले गेले. पण चाळीस दिवस बंद असलेली आणि उद्या पुन्हा बंद होईल अशी भीती असलेली कोणतीही वस्तू विकायला काढली असती तरी तशीच रांग लागली असती, आणि मुंबईत ती भीती दुसऱ्याच दिवशी खरीही ठरली. शनिवार-रविवारच्या संपूर्ण टाळेबंदीने शुक्रवारी संध्याकाळी बाजारात काय होत होते, हे त्या काळात मंडईत गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

मुंबईच्या लोकलचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. दिवसाला पाऊण कोटीच्या आसपास माणसे वाहणाऱ्या त्या डब्यांइतकी कोंडलेली जागा या राज्यात दुसरी नाही. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री त्या थांबवल्या हे योग्यच झाले. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत त्या सर्वांना खुल्या झाल्या आणि काही आठवड्यांत दुसरी लाट आली, म्हणून लोकलने लाट आणली असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. परंतु त्या लाटेच्या आरंभीच्या ठिणग्या अमरावती आणि विदर्भात पडल्या. अमरावतीत फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यातच टाळेबंदी लावावी लागली, आणि अमरावतीला लोकल नाही. दुसरीकडे, लोकल बंद असताना कामावर जाणे भाग असलेली माणसे कशी जात होती? बसच्या दांड्याला लटकून. जुलै २०२० मध्ये नालासोपाऱ्याला एसटी न मिळालेले प्रवासी थेट रुळांवर उतरले होते. लोकल बंद ठेवण्याचा फायदा झालाच असेल, पण त्यातून बसमधल्या गर्दीची वजावट केल्याशिवाय तो फायदा सांगणे म्हणजे दुकानदाराने फक्त जमेची बाजू दाखवून नफा सांगण्यासारखे आहे.

मोकळ्या जागांच्या बाबतीत तर युक्तिवादाला जागाच फारशी नाही. उपलब्ध अभ्यासांच्या एका आढाव्यात घराबाहेर, उघड्यावर झालेले संसर्ग एकूण नोंदींच्या १० टक्क्यांहूनही कमी होते आणि बंदिस्त जागेतली शक्यता उघड्यावरच्या तुलनेत १८.७ पट होती. हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, असे सांगणारे २३९ शास्त्रज्ञांचे पत्र जुलै २०२० चे आहे. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी खेळत्या हवेविषयी सूचनापत्र काढले, त्यात सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि दारे-खिडक्या उघडणे हा संरक्षणाचा स्वस्त मार्ग आहे, असे साध्या भाषेत म्हटले होते. त्यानंतर जूनमध्ये राज्याने निर्बंध उठवण्याची पाच स्तरांची योजना आणली. त्यात तिसऱ्या स्तरातल्या शहरांत दुकाने दुपारी चारला बंद आणि उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने चारपर्यंत, असे घड्याळ होते. खिडक्यांबद्दल, पंख्यांबद्दल, टेबले फुटपाथवर मांडू देण्याबद्दल त्या घड्याळाला काहीच म्हणायचे नव्हते. आणि जानेवारी २०२२ मध्ये, सगळे कळून चुकल्यावर, वस्तुसंग्रहालयांबरोबर आणि मनोरंजन उद्यानांबरोबर गडकिल्लेही पर्यटकांना बंद झाले. त्याच आदेशात आधी बंद केलेल्या व्यायामशाळा दुसऱ्या दिवशी निम्म्या क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली. म्हणजे बंद छताखाली घाम गाळायला हरकत नव्हती, चार हजार फुटांवरच्या वाऱ्यात उभे राहायला होती. पहिल्या टाळेबंदीत सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यावर योगासने करायला लावल्याच्या चित्रफिती तेव्हा लोकांनी हसून पाहिल्या. ज्याला घरात मोकळी हवा नाही त्याच्याकडून रस्त्यावरची हवाही काढून घेतली जात होती, हे त्या हसण्यात राहून गेले.

येथे एक मर्यादा मान्य करायला हवी. उघडी जागा सुरक्षित म्हणजे उघड्यावरची सभा सुरक्षित, असे नाही. २८ सप्टेंबर १९१८ रोजी फिलाडेल्फियात युद्धकर्जाच्या प्रचारासाठी निघालेली मिरवणूक उघड्या रस्त्यावरच निघाली होती आणि तिला दोन लाख माणसे जमली होती. तिथे चित्रपटगृहे, शाळा, चर्च बंद व्हायला ३ ऑक्टोबर उजाडला. सेंट लुईस शहराने पहिले रुग्ण दिसताच दोन दिवसांत, ७ ऑक्टोबरला, हीच ठिकाणे बंद केली. फिलाडेल्फियात मृत्यूंचा आठवड्याचा उच्चांक लाखामागे २५७ पर्यंत गेला, सेंट लुईसमध्ये ३१ वर राहिला. २०२० च्या आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, पायी वारी झाली नाही, हा निर्णय म्हणूनच बरोबर होता, आणि एप्रिल २०२१ चा हरिद्वारचा कुंभमेळा भरवणे म्हणूनच चूक होते. वारीतला धोका दिवेघाटाच्या चढणीवर नसतो. मुक्कामाच्या राहुटीत, एकाच ताडपत्रीखाली झोपलेल्या पन्नास माणसांत असतो. १९१८ चा हा दाखला सरकारच्या बाजूचा आहे आणि तो देणे मला अडचणीचे वाटत नाही. त्या वेळी बंद केलेली ठिकाणे कोणती होती, एवढेच पाहावे.

स्वीडनचा दाखला दोन्ही बाजू वापरतात, म्हणून त्याबद्दल थोडे. पहिल्या वर्षी तिथले मृत्यू नॉर्वे आणि फिनलंडच्या कितीतरी पट होते. २०२० ते २०२२ चा एकत्र हिशेब केला तर तिथली अतिरिक्त मृत्युसंख्या युरोपात सर्वांत कमी असलेल्या देशांमध्ये गणली जाते. तिथल्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले की लोकांवर सक्ती न करण्याची दिशा मुळात योग्य होती, मात्र मार्च २०२० मध्ये अधिक कडक पावले लवकर उचलायला हवी होती. स्वतःच्या सरकारला एकाच अहवालात शाबासकी आणि कानउघाडणी दोन्ही देणारा आयोग आपल्याकडे नेमलाच गेला नाही, हे जाता जाता.

सरकारच्या बाजूचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत वजनदार युक्तिवाद अंमलबजावणीचा आहे. बारा कोटींच्या राज्यात नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला शटर वर आहे की खाली, एवढेच दिसते. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते हे त्याला मोजता येत नाही. नियम जितका बारीक तितकी पळवाट मोठी आणि चिरीमिरीही. शिवाय मार्च २०२० मध्ये कोणालाच नीट काही ठाऊक नव्हते. ही दोन्ही उत्तरे मार्च २०२० पुरती मला मान्य आहेत. १३ मार्चला मुंबई-पुण्यासह काही शहरांतल्या व्यायामशाळा, जलतरण तलाव आणि चित्रपटगृहे बंद करण्याचा निर्णय झाला, तो नेमका आणि वेळेवर होता. नंतरच्या अनेक निर्णयांपेक्षा तो अधिक शहाणपणाचा होता, असेही मी म्हणेन. पण अज्ञानाची सबब किती काळ टिकते? १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या प्लेग समितीने घरे उघडून, सामान रस्त्यावर काढून, माणसे विलगीकरण छावण्यांत धाडून प्लेग रोखू पाहिला, तेव्हा प्लेग पिसवांमार्फत उंदरांकडून माणसाकडे येतो हे माहीत नव्हते. पॉल-लुई सिमाँने ते १८९८ मध्ये दाखवले आणि त्यावर शिक्कामोर्तब व्हायला पुढचे दशक उजाडले. त्या अज्ञानात झालेल्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत कसा झाला, हे महाराष्ट्राला सांगायला नको. मात्र उंदीर कळल्यावर उपाय बदलले: घरे रिकामी करून मोकळ्यावर राहायला जाणे आणि उंदीर मारणे यांवर भर आला. आपल्याकडे प्रसाराचा मार्ग साथीच्या पहिल्याच वर्षात बराचसा कळला होता, तरी पुढे दीड वर्ष आदेशांच्या भाषेत घड्याळ आणि टक्केवारी यांपलीकडे काही आले नाही. हवालदाराला हवा दिसत नाही हे खरे, पण उघडी खिडकी दिसते, फुटपाथवरचे टेबल दिसते, गच्चीवर भरलेला वर्ग दिसतो. जपानने ‘कोंडलेली जागा, गर्दी आणि जवळून बोलणे टाळा’ या तीन सूचना साध्या पत्रकावर छापून लोकांपर्यंत पोचवल्या होत्या; त्या समजायला कोणाला यंत्र लागले नाही.

यावर कोणी म्हणेल की सरसकट बंदीने निदान गांभीर्य तरी पोचले. पोचले, पहिल्या वेळी. चौथ्या वेळी गडाच्या पायथ्याशी अडवलेला तरुण त्याच संध्याकाळी मित्राच्या खोलीत दहा जणांसह बसला असेल, तर त्याच्यापर्यंत नेमके काय पोचले? ज्या नियमाचा धोक्याशी संबंध दिसत नाही तो मोडायची सवय लागली की ज्या नियमाचा संबंध असतो तोही त्याच सवयीने मोडला जातो. व्यापारी संघटनांनी एप्रिल २०२१ मध्ये निर्बंधांना विरोध केला तेव्हा त्यांच्यावर नफेखोरीचा आरोप झाला. पण मोठा बाजार भरतो आणि माझे रिकामे दुकान बंद का, या त्यांच्या प्रश्नाला साथीच्या शास्त्रातून द्यावे असे उत्तर सरकारपाशी नव्हते.

१८९७ चा साथरोग कायदा आजही लागू आहे आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याबरोबर त्याचाच आधार घेऊन हे सारे आदेश निघाले. एप्रिल २०२० मध्ये वटहुकूम काढून त्यात दुरुस्ती झाली, ती आरोग्यसेवकांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी, आणि ती आवश्यकच होती. पण एखादे ठिकाण बंद करताना तिथे संसर्ग कोणत्या मार्गाने होतो याचे कारण नोंदवणे, ठरावीक मुदतीने त्या बंदीचा आढावा घेणे, आणि ज्याचा रोजगार बुडाला त्याला भरपाई देणे, यांपैकी एकाही गोष्टीचे बंधन त्या कायद्याने सरकारवर घातलेले नाही. महापालिकांनी बाधितांचे संपर्क शोधले होते, त्यांच्या नोंदी झाल्या होत्या. कोणत्या प्रकारच्या जागी किती संसर्ग झाला याचा ढोबळ तक्ता त्यांतून निघू शकला असता आणि प्रत्येक नव्या आदेशासोबत तो लोकांपुढे ठेवता आला असता. तो ठेवला गेला नाही. हे काम आता साथ नसतानाच्या दिवसांत विधिमंडळात व्हायला हवे, कारण साथ आल्यावर सुटणारा आदेश रात्री निघतो आणि सकाळी सातपासून लागू होतो.